उम्म खालिदची दोन मतं

कुवेतला लोक सोनं घ्यायला जातात. मी बहिणीला भेटायला गेले आणि निवडणूक बघून आले. परत आल्यावर गावात ज्याला त्याला हेच सांगत सुटले, तेव्हा आमच्या चावडीवरचे म्हातारे म्हणाले, "तिकडं तर राज्य अमिराचं. मग मतं कशाला?" अमीर आहे, तशी मजलिस नावाची निवडून आलेली सभाही आहे, आणि ती मंत्र्यांना घाम फोडते. २००६ च्या जूनमध्ये मी तिथे होते, तेव्हा त्या मजलिसीसाठी बायका पहिल्यांदाच मत देणार होत्या, आणि उभ्याही राहणार होत्या.

मी आटपाडीकडची. आधी बालवाडीची बाई, मग महिलांच्या राखीव जागेवरून एक मुदत सरपंच. दुसऱ्या वेळी पडले, तेही थोडक्यात. पडल्याचं दुःख महिनाभरात ओसरलं, पण एक किडा डोक्यात शिरला तो निघेना. आपल्याच वस्तीतली कुणाची मतं फिरली? दूध घालायला आलेली, हळदीकुंकवाला आलेली, समोरून हसणारी प्रत्येक बाई मला संशयाची वाटायला लागली. रात्री झोप नाही, दिवसा कशात जीव नाही. धाकटी बहीण मंगल फोनवर म्हणाली, "ताई, तू आधी त्या गावातनं बाहेर पड. माझ्याकडं ये." मंगल मिरजेला नर्सिंग शिकली आणि दहा-बारा वर्षं कुवेतच्या सरकारी दवाखान्यात आहे. नवरा तिथल्या राई नावाच्या भागात एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. मी पासपोर्ट काढला.

फरवानिया

विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी उघडली, वास घेतला आणि असा शिंकला की शेजारच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्याने पुडी परत बांधून दिली आणि हाताने "जा, जा" केलं. एवढ्यावर सुटले.

उन्हाची मला काय मातब्बरी? आमच्याकडेही मे महिन्यात कावळा चोच उघडी टाकून बसतो. पण पहिल्याच सकाळी मी तोंड धुवायला थंड पाण्याचा नळ सोडला आणि ओरडलेच. पाणी चहाला ठेवावं तसं कढत! मंगल हसत आली. "ताई, इथं उन्हाळ्यात उलटं असतंय. गच्चीवरच्या टाक्या तापतात, म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. त्यात थंड पाणी येतं." ज्या देशात थंड पाणी गरम नळाला येतं तिथलं राजकारणही असंच काही असणार, असं मी तेव्हा गमतीने म्हणाले होते.

फरवानिया म्हणजे आपल्यासारख्यांचीच वस्ती. मल्याळी किराणा, हैदराबादी हॉटेल, पैसे पाठवायच्या दुकानांपुढे शुक्रवारची गर्दी, बसस्टॉपवर घामाने भिजलेले शर्ट. निवडणुकीचा तिथे मागमूस नव्हता. ज्यांना मतच नाही त्यांच्या दारी कोण येणार? पण बस मोठ्या रस्त्याला लागली की दुभाजकांवर उमेदवारांचे फलक. पांढरा दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा घातलेले पुरुष ओळीने, आणि मधेच एखादी बाई. एका चौकात बाईच्या फोटोवरचा चेहरा कुणीतरी चाकूने कापून नेला होता. बस पुढे गेली तरी मी मान वळवून त्या भोकाकडे बघत राहिले.

"हिला ओळखते मी," मंगल म्हणाली. "अबला मुनीरा. हिच्या आईच्या पायाचं ड्रेसिंग मीच करते."

मुंबईचं हिंदी बोलणारी म्हातारी

अबला म्हणजे बाई, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मुनीरा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या, निवृत्त होऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या आईला सगळे उम्म खालिद म्हणत, म्हणजे खालिदची आई. आपल्याकडे बाळूची आई म्हणतात तसंच. फरक एवढाच, की थोरली मुनीरा होती आणि आईला नाव मिळालं धाकट्या मुलाचं.

मंगलची बहीण आलीय आणि ती सरपंच होती, हे कळल्यावर म्हातारीने गाडीच पाठवली. घर मोठं, दिवाणखान्यात भिंतीला लागून गाद्या. मधे बसलेल्या उम्म खालिदनी मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "आओ आओ, बैठो. मेरा बाप मोती का बेपारी था. मैं छोटी थी तब हम बंबई में रहता था. भेंडी बाजार. मालूम?"

मी थक्क झाले. वाळवंटातल्या त्या घरात ही पंचाहत्तरीची बाई अगदी मुंबईच्या फुटपाथवरचं हिंदी बोलत होती. घरात दुसऱ्या कुणाला ते धड येत नव्हतं. म्हणून मी गेले की त्यांची कळी खुलायची. वेलदोड्याची कडू कॉफी, खजूर, आणि जेवायला मचबूस, म्हणजे मसाल्यात शिजवलेला भात आणि वर अख्खा मासा. मी माणदेशी, माशाच्या काट्यांची सवय नाही. पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. उम्म खालिदनी भाताचा गोळा करून माझ्या तोंडात कोंबला, पाठीत धपाटा घातला आणि काटा खाली गेल्यावर स्वतःच डोळे पुसत हसत बसल्या.

मुनीराबाई मात्र हसायच्या मनःस्थितीत नव्हत्या. उंच, सडपातळ, सारखा फोन कानाला. इंग्रजीत तुटक बोलायच्या, मंगल मला मराठीत सांगायची. "मला सगळे विचारतात, बायकांसाठी काय करणार?" त्या म्हणाल्या. "मी जमिनीबद्दल बोलते तर लोकांना कळतच नाही, बाई जमिनीबद्दल का बोलते."

त्यांचं म्हणणं असं होतं. इराकबरोबरच्या युद्धात तेलविहिरी पेटल्या, तेव्हा तेल वाहून वाळवंटात तळी साचली. इतक्या वर्षांनंतरही ती जमीन काळी, मेलेली आहे. सरकारकडे तेलाचा पैसा आहे आणि घरोघर शिकलेली मुलं कचेरीतल्या खुर्चीची वाट बघत बसलीत. सरकारने त्यांना पगार देऊन ही जमीन साफ करून घ्यावी, झुडपं लावावीत, उन्हावर वीज करायला शिकवावं. तेल संपल्यावर काय, याची तयारी आत्ताच करावी.

मी टुणकन उठूनच बसले. "अहो, हे आमच्याकडे आहे! रोजगार हमी!"

कुंपण

दुसऱ्या दिवशी पहाटेच मुनीराबाई आम्हाला शहराबाहेर घेऊन गेल्या. डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलो आणि गाडी वाळूत रुतली. मी आणि मंगल उतरून ढकलायला लागलो, तर मुनीराबाईंनी काचेतून हात हलवून थांबवलं, चारी चाकांची हवा थोडीथोडी सोडली आणि गाडी अलगद बाहेर काढली.

तिथली काळी जमीन मी बघितली. वरून डांबरासारखी कडक साय धरलेली, पाय दिला की करकरते. वास नाही, किडा नाही, मुंगी नाही. आमच्या माणदेशातलं ओसाड रान मी जन्मभर पाहिलंय, पण त्यात सरडा तरी पळतो. इथे काहीच हलत नव्हतं.

पुढे जाळीचं एक कुंपण होतं. आत अरफजची झुडपं, गुडघ्याएवढी, काटक, राखाडी. मुनीराबाईंनी आपल्या विद्यार्थिनींबरोबर लावलेली. पाणी घालायला कोकणातला एक माणूस ठेवला होता, लांज्याकडचा सदानंद. मराठी ऐकताच त्याने पाइप खाली टाकला.

"निवडणुकीत ह्या बाई येतील काय हो?" त्याने पहिलं तेच विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"माका वाटून काय उपेग? झाड जगला तर आमचा काम ऱ्हाईल. बाई पडल्या तर पान्याचा टँकर कोन पाठवनार?"

मुनीराबाईंनी विचारलं, तो काय म्हणतोय? मंगलने सांगितलं, "झाडांची काळजी करतोय." त्यावर त्या बराच वेळ सदानंदकडे बघत राहिल्या. मला वाटतं, मंगलने न सांगितलेलंही त्यांना कळलं होतं.

तंबू

मुनीराबाईंच्या घराजवळच्या मोकळ्या जागेत प्रचाराचा तंबू होता. आत एसी, गालिचे, झुंबरं. आमच्याकडे लग्नालाही एवढा थाट नसतो. त्या संध्याकाळी बायकांची सभा होती. निघताना मंगलने मला दारातच अडवलं.

"ताई, आपण परके. इथलं राजकारण इथल्यांचं. तू ऐकायचं, खायचं, परत यायचं. एक शब्द बोलायचा नाही. माझा इकामा आहे इथं." इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती दारातून हलायला तयार नव्हती. मी शब्द दिला.

मुनीराबाई छान बोलल्या असाव्यात. बायका आधी मान डोलवत होत्या. मग मागून एक जाडजूड बाई उठली, बोटात अंगठ्या, आवाज खणखणीत. तिच्या बोलण्यावर अर्धा तंबू हसला. उम्म खालिद माझ्या कानाशी कुजबुजल्या, "वो बोलती, मेरा लड़का अमेरिका से पढ़के आया. वो धूप में झाड़ लगाएगा? वो काम तो हिंदी लोग का है."

हिंदी लोक म्हणजे आपण, हिंदुस्थानी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंगलने माझा हात घट्ट धरला. मी शब्द पाळला, गप्प बसले. पण मुनीराबाईंनीच व्यासपीठावरून माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाल्या. उम्म खालिदनी सांगितलं, "बोलती, हमारे घर मेहमान है, उसके मुलुक में औरत लोग ने ये काम किया, उससे पूछो." सगळ्या माझ्याकडे वळल्या.

मी मंगलकडे पाहिलं. तिने डोळे मिटले आणि माझा हात सोडला. तो होकार होता की हताशपणा, मी आजवर तिला विचारलेलं नाही.

मी बसूनच बोलले, सभेला नाही, उम्म खालिदना उद्देशून. बहात्तरच्या दुष्काळात मी मॅट्रिक झालेली पोरगी खडी फोडायला गेले. शेजारी पाटलाची सून होती, पलीकडे न्हाव्याची. पहिल्या दिवशी पदर तोंडावर ओढून बसलेली पाटलाची सून आठवड्याने माझ्या भाकरीतलं कालवण मागून खात होती. मग सरपंच झाल्यावर त्याच योजनेतून आम्ही माळावर रोपवाटिका केली. आज तिथे कडुनिंबाची सावली आहे. सरकार हुकूम देतं, पैसा देतं, पण माळ हिरवा होतो तो माणसाच्या हातांनी, आणि ज्याने झाड लावलं तो ते तोडू देत नाही.

उम्म खालिद एकेका वाक्याचं अरबी करत होत्या. माझं बोलणं संपल्यावरही त्यांचं चालूच होतं. पदरचं बरंच घालत असणार, कारण बायका भलतीकडेच हसत होत्या.

अंगठ्यांवाली बाई पुन्हा उठली. या वेळी तिने कुणाला हसवलं नाही; तिचं बोलणं उम्म खालिदनी मला सांगितलं. "ती भुकेची गोष्ट सांगते," ती म्हणाली. "आमची मुलं भुकेली नाहीत. जो भुकेला नाही त्याला उन्हात कोण नेणार?"

मुनीराबाईंनी पाण्याचा पेला उचलला, प्यायल्या नाहीत, परत ठेवला.

पुढचे काही दिवस दवाखान्यात मेट्रनने नुसतं बोलावलं तरी तिचा चेहरा उतरायचा. काही झालं नाही. पण काही झालं नाही हे कळेपर्यंत त्या घरात फोन वाजला की सगळे एकमेकांकडे बघायचे.

मतदान

मतदानाच्या दिवशी उम्म खालिदनी मंगलला बोलावलं. पायाची जखम चिघळली होती, उन्हात उभं राहताना नर्स जवळ हवी होती. मीही गेले. शाळेत केंद्र होतं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. आम्हाला फाटकाच्या आत जाता येईना, म्हणून शेजारच्या भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत उभ्या राहिलो. समोर नारिंगी टीशर्ट घातलेली तरुण पोरं-पोरी घोषणा देत होती. पांढऱ्या केसांच्या, काळ्या पायघोळ अबायातल्या बायका एकमेकींचे हात धरून आत जात होत्या. एक तर दारातच थांबून रडायला लागली आणि रडता रडता स्वतःवरच हसली. बघून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे हा हक्क आईच्या दुधासारखा आयता मिळाला. त्याची अशी चव मी कधी घेतलीच नव्हती.

तिथे तेव्हा एकेका मतदारसंघातून दोघे निवडून जायचे, म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मतं. उम्म खालिदचा पुतण्याही त्याच मतदारसंघात उभा होता. मोठं प्रस्थ, आधीही मजलिसीत होता. मी मनात हिशेब केला, एक मत लेकीला, एक पुतण्याला. म्हातारीचं सोपं आहे.

खालिदने आईला फाटकापर्यंत आणलं. तो शांत, सभ्य माणूस, मला नेहमी हात जोडून नमस्ते करायचा. फाटकाशी तो आईच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. उम्म खालिद त्याच्याकडे न बघता चालू लागल्या.

बाहेर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. मी विचारलं, "हो गया, अम्मा?"

"हो गया," म्हणाल्या, आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी

मुनीराबाई पडल्या. थोडक्यात नाही, चांगल्याच. त्या निवडणुकीत उभी राहिलेली एकही बाई आली नाही. पुतण्या निवडून आला.

मी भेटायला गेले. पडलेल्या उमेदवाराचं घर कसं असतं ते मला माहीत आहे. चहाचे कप जास्त आणि माणसं कमी. मंगल उम्म खालिदच्या पायाला ड्रेसिंग करत होती, मी शेजारी. मुनीराबाई खिडकीशी उभ्या राहून तंबू उतरवणाऱ्या मजुरांकडे बघत होत्या. उम्म खालिद अचानक माझ्याशी हिंदीत बोलायला लागल्या, हळू आवाजात.

"मैं मुनीरा को नहीं दिया."

मंगलचा हात थांबला.

"खालिद ने पहले मेरे से जबान लिया. बोला, बाप के भाई का लड़का जीतना मांगता. तुम मुनीरा को देगा तो सब औरत लोग देगा, वो भतीजे के आगे निकल जाएगी. मैंने जबान दिया. एक मत भतीजे को दिया."

"आणि दुसरं?" मी चुकून मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"दूसरा खाली छोड़ा. कागज पर मेरी बेटी के आगे निशान नहीं कर सकी. पर उसकी जगह दूसरा किसका नाम पे करूँ? हाथ ही नहीं चला." त्यांनी माझा हात धरला. "उसको बोलूँ कि नहीं बोलूँ? तू बता. तू भी गिरी थी ना."

मी काय सांगणार? वर्षभर मी हेच तर शोधत होते, आपल्या माणसांपैकी कोण. आणि आता एक आपलं माणूस माझा हात धरून बसलं होतं. कळून माझं काय भलं झालं असतं? न कळून तरी काय झालं? शेवटी एवढंच म्हणाले, "अम्मा, बोलो. नहीं तो वो सबके चेहरे देखती रहेगी."

उम्म खालिदनी लेकीला हाक मारली आणि अरबीत सांगितलं. मला शब्द कळत नव्हते, चेहरे दिसत होते. मुनीराबाई पांढऱ्या पडल्या. मग काहीतरी विचारलं, दोनच शब्दांत. मंगल पुटपुटली, "विचारतेय, रिकामं सोडलंस?" म्हातारीने मान हलवली. मुनीराबाई आल्या, आईच्या पायापाशी खाली बसल्या आणि डोकं तिच्या गुडघ्यावर टेकलं. रडल्या की नाही ते अबायाच्या काळ्या कापडात दिसलं नाही. माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही.

मग उम्म खालिदनी फोन मागवला. पुतण्याला लावला आणि असा काही आवाज चढवला की उतरणाऱ्या तंबूतले मजूरही थबकले असतील. तासाभरात तो आला. अत्तराचा घमघमाट, मागे दोन माणसं, अभिनंदनाचे फोन चालूच. काकूच्या कपाळाचं चुंबन घेऊन बसला. काकूंनी फोन बंद करायला लावला, त्याच्या माणसांना बाहेर बसवलं, आणि मुनीराबाईंना बोट दाखवून म्हणाल्या, बोल.

मुनीराबाई बोलल्या. काळी जमीन, कुंपण, पाणी, मुलांना काम. आधी आवाज कापत होता, मग स्थिर झाला. आमदार साहेब मान डोलवत होते. ती मान मी चांगली ओळखते. कलेक्टर कचेरीपासून पंचायत समितीपर्यंत सगळीकडे तशीच डोलते, आणि तिचं कुठल्याही भाषेत भाषांतर एकच होतं: बघू.

तो गेल्यावर मी न राहवून म्हणाले, "अम्मा, ये कुछ करेगा नहीं."

"आज नहीं करेगा," उम्म खालिद म्हणाल्या. मंगलने पट्टी बांधून संपवली होती. त्यांनी पाय खाली घेतला, दुखला तसं तोंड वाकडं केलं. "पर हर जुम्मे को मेरे घर खाना खाने आता है, छोटा था तब से. कहाँ जाएगा? हर जुम्मे को पूछूँगी."